नव्या गेटापासून मोजा

तंबाखूच्या दुकानदारानं माल देण्याआधी गिऱ्हाइकाला तोंड उघडायला लावावं, हा प्रकार मी नानांच्या दुकानाशिवाय कुठंही पाहिला नाही. मिसरूड फुटलेला कुणी तरणा पोरगा पायरीवर आला की नाना तराजूवरचा हात काढून घ्यायचे आणि म्हणायचे, "बोटं घाल." तीन बोटं, एकावर एक, उभी. ज्याची सहज गेली त्याला माल मिळायचा. ज्याची अडकली त्याला नाही. "जबडा बसत चाललाय तुझा. अंबाजोगाईला जाऊन दाखव. तवर हितं येऊ नको." बाजाराच्या दिवशी दोन-तीन धडधाकट पोरं तोंडात बोटं घालून रस्त्यावर उभी आहेत आणि नाना चष्म्याच्या वरून त्यांच्याकडे बघतायत, हे गावाला इतकं सवयीचं झालं होतं की बाहेरगावचा माणूस हसला तर आम्हालाच कळायचं नाही तो कशाला हसतोय.

नानांच्या स्वतःच्या तोंडात एक बोट कसंबसं जायचं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि तेही लपवत नव्हते. लहानपणापासून खाल्लेल्या तंबाखू-सुपारीनं जबडा आवळून गेला होता. ते दात फारसे न उघडता बोलायचे. भाकरी दुधात कुस्करून खायचे. सोडून बरीच वर्षं झाली होती, पण गेलेलं तोंड परत आलं नाही. कुणी विचारलं, "मग विकता कावून, नाना?" तर त्यांचं एकच उत्तर असायचं. "विकतो. चांगलं हाय असं म्हणलं का कधी?"

या उत्तरानं माझं समाधान कधीच झालं नाही. त्यांचंही होत नसावं, कारण ते म्हणताना ते दरवेळी दुसरीकडे बघायचे.

माझी आणि त्यांची पहिली गाठ मी आठवीत असताना पडली. आम्ही मूळचे नांदूरघाटकडचे. आई-वडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे आणि मी तालुक्याला वसतिगृहात राहायचो. उन्हाळ्यात कारखाना बंद झाला की वडील मला भेटायला यायचे. आम्ही बाजारातल्या लिंबाखाली बसायचो. त्या दिवशी त्यांनी मला सवयीनं सांगितलं, "जा, पुडी घेऊन ये." यात गैर काही नव्हतं. आमच्याकडे बापाची पुडी पोरानंच आणायची असते. पाणी आणतो तशी पुडी आणायची.

नानांनी माझ्या हातातली नोट घेतलीच नाही. "बापाला ये म्हण."

वडील आले ते तापूनच. दिवसभर फडात कोयता चालवणाऱ्या माणसाचा आवाज, अर्धा बाजार ऐकत होता. "माझं पोरगं, माझा पैसा. तुमचं काय जातंय बे?"

"माझं काई जात न्हाई, म्हणूनच बोलतोय," नाना म्हणाले आणि पुडी बांधून त्यांच्या हातात दिली. मग विचारलं, "शिकतंय का पोरगं?"

"शिकतंय की. हुशार हाय."

"मग त्याला गडी कावून करता?"

वडील पुडी खिशात घालून वळले. लिंबाखाली परत येऊन त्यांनी तंबाखू मळली, पण बराच वेळ तोंडात टाकली नाही. नंतर टाकली. त्यांनी तंबाखू सोडली असं काही झालं नाही, अजूनही खातात. पण त्या दिवसानंतर त्यांनी मला कधी पुडी आणायला पाठवलं नाही, आणि पुढे धाकट्या बहिणीलाही नाही. पुडीसाठी स्वतः उठून जायला लागले. आमच्या घरात कुणाची तरी चाकरी पहिल्यांदा कमी झाली ती अशी.

पुढे मी पदवीधर झालो. आमच्या भावकीत पहिलाच. परीक्षा देऊन योगायोगानं त्याच गावच्या नगरपरिषदेत सभा लिपिक म्हणून लागलो. सभेत काय झालं ते लिहून घ्यायचं आणि पुढच्या सभेत ते वाचून दाखवायचं, हे माझं काम. पहिल्या सभेला मी नवीन शर्ट शिवून घेतला होता. मागच्या सभेचं इतिवृत्त हातात घेऊन उभा राहिलो, तोंड उघडणार तोच सगळं सभागृह एका सुरात म्हणालं, "मंजूर, मंजूर, बसा." रीतच होती तशी. बाहेर समोसे गार होत असायचे.

तेवढ्यात खिडकीपाशी बसलेल्या म्हाताऱ्या नगरसेवकांनी एक शब्द उच्चारला. "वाचा."

ते नाना होते. आमच्याच प्रभागातून निवडून आलेले. खुर्चीवरची गादी काढून खाली ठेवायची आणि लाकडावर बसायचं, ही त्यांची खोड. गादीवर झोप येते म्हणायचे. मी वाचायला लागलो की ते डोळे मिटायचे, आणि सभागृह कुरकुरायचं. "नाना, वाचून वाचून पोराचा घसा बसंल."

"त्यासाठीच पगार हाय त्याला. वाच रे."

त्यांना एका शब्दाचा फार राग होता, 'शक्यतो'. नाल्यांची सफाई शक्यतो पावसाळ्यापूर्वी करावी, असं मी वाचलं की मिटल्या डोळ्यांनीच म्हणायचे, "ते शक्यतो काढा. शक्यतो म्हणजे न्हाई." बांधकाम सभापती तिथंच कपाळावर हात मारायचे. मला मात्र बरं वाटायचं. मी लिहिलेलं कुणीतरी ऐकतंय, ही भावना माझ्यासारख्याला किती मोठी असते ते ज्याच्या घरात कागदाला कुणी विचारलं नाही त्यालाच कळेल.

नानांच्या सूचना ऐकून सभागृहाची करमणूक व्हायची. एकदा त्यांनी मुलींच्या शाळेच्या मैदानावर खो-खोचे खांब नगरपरिषदेनं पुरावेत असं सुचवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः पहार घेऊन मैदानावर हजर झाले. नारायणगडाच्या यात्रेहून येताना पोरांसाठी कुठूनतरी ढोल आणला आणि म्हणाले, "संध्याकाळी वाजवू द्या त्यान्ला. हात गुतलेला असला की तोंड रिकामं ऱ्हातंय." त्या ढोलानं दवाखान्याच्या गल्लीला इतका ताप झाला की ढोल जप्त करून आमच्या रेकॉर्डरूममध्ये ठेवावा लागला. नाना येता-जाता त्यावर एक थाप मारून जायचे.

आणि ती दौड. युवकांसाठी उपक्रम घ्यायचे असं वरून आलं होतं, म्हणून नगरपरिषदेनं 'तंबाखूमुक्त दौड' ठेवली. पोरांना पांढरे टी-शर्ट वाटले. दौड बाजारातून निघाली तेव्हा लोकांना दिसलं की प्रत्येक पोराच्या पाठीवर सुगंधी सुपारीच्या ठोक व्यापाऱ्याचं नाव छापलंय. कपडे त्यानंच फुकट दिले होते. नाना आपल्या पायरीवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. पुढे जीपमध्ये बसलेल्या सभापतींना ते ओरडून म्हणाले, "सभापती, कपडे माझ्याकडनं तरी घ्यायचे व्हते! गावातला हाय मी!"

सभापतींनी ते हसण्यावारी नेलं. वाईट माणूस नव्हता तो. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, खणखणीत आवाज आणि दिलेल्या शब्दाचा मोठा अभिमान. नानांशी त्यांचं हाडवैर आहे असं लोक म्हणायचे, पण नाना एखाद्या सभेला आले नाहीत तर पहिल्यांदा "म्हातारं कुठंय?" असं तेच विचारायचे.

ज्या सभेमुळे मी हे सगळं लिहायला बसलो ती सभा त्यानंतरची. विषयपत्रिकेवर उन्हाळी शिबिर होतं, ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी अभ्यासिका होती आणि शेवटी शाळांच्या आसपासची तंबाखूविक्री. आधीचे विषय झटपट झाले. शेवटचाही होईल असंच वाटत होतं. मुख्याधिकारी साहेबांनी समजावून सांगितलं की कायदा आधीपासून आहे, आपण फक्त पथक नेमायचं आणि दंड लावायचा. शाळेजवळच्या ठरलेल्या पट्ट्यात विक्री बंद; आणि अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात तंबाखू दिली तर दुकानदाराला दंड.

"मंजूर," सगळे म्हणाले.

तेव्हा सभापती उभे राहिले. "एक वाक्य वाढवा. आई-बापासाठी, घरच्या म्हाताऱ्या माणसासाठी पोरगं पुडी न्यायला आलं, तर पथकानं दंड करू नये."

"कायद्यात तशी सवलत नाही," साहेब हळूच म्हणाले.

"कायदा तुमचा, पथक आमचं. साहेब, तुमच्या पुण्याकडं माणूस सोता जात असंल. हितं बाप दमून येतो. पोरगं आणतं. त्यात पोराचं काय बिघडलं? आमी न्हाई का आणली?"

माना डोलल्या. खरं सांगायचं तर माझीही मान हलली असती, इतकं ते साधं वाटत होतं. सभागृहातल्या बहुतेकांच्या घरी तेच चालत होतं. सभापतींची पुडी त्यांची पुतणी आणायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

नाना उठले. "ते वाक्य नको."

"झालं सुरू," कुणीतरी म्हणालं.

नाना दातांतूनच बोलत होते, त्यामुळे सगळ्यांना जरा पुढे वाकावं लागलं. "मी लहान असताना, आमचं दुकान व्हायच्या आदी, वडलांची पुडी आणायचो. दुकानदार वडलांची पुडी बांधायचा आन् माझ्या हातावर चिमूटभर ठेवायचा. आणणाऱ्याची चिमूट. ती रीतच व्हती. पुढं मी दुकानात बसलो तवा मीबी ठेवली, लई पोरांच्या हातावर ठेवली. गिऱ्हाईक असंच तयार व्हतं, सभापती. माझ्या वडलांनी मला तंबाखू खा असं जन्मात म्हणलं न्हाई. नुसतं आण म्हणले."

ते थांबले. खाली बसता बसता म्हणाले, "ते वाक्य सोडून बाकीचा ठराव. सूचक मी."

आता अनुमोदक हवा होता. आमच्याकडे ठराव मांडणारा सूचक आणि त्याला दुजोरा देणारा अनुमोदक, अशी दोन नावं लागतात. दुसरं नाव मिळालं नाही तर ठराव तिथंच पडतो. एरवी ही नावं मी कुणालाही न विचारता लिहून टाकायचो, कुणाची हरकत नसायची. त्या दिवशी मी पेन धरून बसलो आणि नाव आलंच नाही. कुणी मोबाइल काढला, कुणी पंख्याकडे बघितलं. नानांबद्दल राग नव्हता कुणाला. पण घरी जाऊन बायकोला आणि म्हाताऱ्या बापाला काय सांगायचं, हा प्रश्न होता.

नगराध्यक्षबाईंनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं. "अनुमोदन कोण देतंय?"

सभापती खुर्चीत रेलले. "नाना, उगं ताणू नका. तुमाला माहीत न्हाई आमी तुमच्यासाठी काय केलंय. तुमच्या दुकानाजवळच्या शाळेनं मागल्या अंगाला नवीन गेट उघडलंय ना? तिथनं मोजलं तर तुमचं दुकान पट्ट्यात येतंय. आमी मोजणी जुन्या गेटापासून धरलीया. कशासाठी? तुमचं वडलोपार्जित दुकान म्हणून."

हे आम्हा कर्मचाऱ्यांनाही माहीत नव्हतं. मी नानांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढला होता आणि धोतराच्या सोग्यानं पुसत होते. त्या दुकानाच्या दगडी पायरीला त्यांच्या वडिलांच्या बसण्यानं खळगा पडला होता. नाना अजून त्याच खळग्यात बसायचे.

"पोरं कुठल्या गेटानं बाहेर पडत्यात?" त्यांनी विचारलं.

"नव्या," साहेब म्हणाले. "जुन्याला कुलूप आहे."

"मग नव्या गेटापासून मोजा."

"नाना, दुकान उठंल," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"ऐकू येतंय मला, बाई."

सभापती हसायला लागले. खरंच हसत होते. म्हातारा ताठरपणा करतोय, आत्ता खाली येईल असं त्यांना वाटत होतं. "आरं वा! बोलायला काय जातंय? नाना, तुमी दुकान उठवायला राजी व्हा, ह्यो मी अनुमोदन देतो. जावा. सगळ्यांसमोर सांगतो."

काही जण हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा. ते वाक्य सोडून ठराव, आन् मोजणी नव्या गेटापासून. सूचक मी. अनुमोदक, बांधकाम सभापती."

"अहो, मी आपलं बोलण्यात—"

"सभागृहात बोललात, सभापती," अध्यक्षबाई म्हणाल्या.

माझं पेन हवेत होतं. सभापतींनी नानांकडे बघितलं. नाना त्यांच्याकडे बघत नव्हते, खिडकीबाहेर बघत होते, आणि त्यांचा आवळलेला जबडा चघळायला काही नसताना हळूहळू हलत होता. सभापतींचं हसू केव्हा गेलं ते मला कळलं नाही. ते माझ्यावरच खेकसले. "बघतोस काय बे? बोललो म्हणजे बोललो. लिही माझं नाव."

लिहिलं. त्यानंतर "मंजूर" म्हणायला कुणीही वेळ लावला नाही.

गावानं नानांना डोक्यावर घेतलं असं कुणाला वाटेल, तर तसं झालं नाही. त्या पट्ट्यात दुसऱ्यांच्याही टपऱ्या होत्या. त्यातला एक तरुण नानांच्या पायरीपाशी येऊन म्हणाला, "तुमी खाऊन बसलात, नाना. तुमच्या नावावर रान हाय. माझी टपरी हेच माझं रान व्हतं." नाना ऐकून घेत होते. पुढं त्यांनी प्रत्येक सभेत उभं राहून त्या टपरीवाल्यांना बसस्टँडमागे जागा मिळवून दिली, पण त्याला वेळ लागला, आणि तेवढ्या दिवसांत त्या माणसाच्या घरी काय शिजलं ते नानांनी कधी विचारलं असेल तर मला माहीत नाही. तो नंतर नानांशी बोलला नाही. मला वाटतं, त्याचं चुकलं नव्हतं.

दुकान उठायच्या आदल्या आठवड्यात युवक मंडळाची पोरं एक कल्पना घेऊन आली. उरलेला माल चौकात जाळायचा, अध्यक्षबाईंच्या हस्ते, फोटोग्राफर बोलवायचा. मलाही ती कल्पना फार आवडली होती. मीच त्यांना नानांकडे घेऊन गेलो.

"जाळायचा? कावून?" नाना म्हणाले. "पैका मोजलाय मी. कुणीतरी उन्हात तोडून वाळवलाय त्यो." आणि त्यांनी सगळा माल परळीच्या व्यापाऱ्याला रोख विकून टाकला. मी नाराज झालो. चार दिवस त्यांच्याकडे गेलोही नाही. माझ्या मनात मी त्यांचा जो पुतळा उभा केला होता त्यात हे बसत नव्हतं. आज लिहिताना कळतं की पुतळा होण्याची त्यांना कधी हौसच नव्हती. ते तंबाखूचे व्यापारी होते आणि शेवटच्या दिवसापर्यंत व्यापारीच राहिले.

माझी बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली त्या उन्हाळ्यात मी त्यांना शेवटचं भेटलो. सामान बांधायला दोरी घ्यायला बसस्टँडकडे गेलो होतो. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. समोरून नाना येत होते, डोक्यावर ओला पंचा, हातात कागदाची पुडी.

मी थबकलो. त्यांनी माझी नजर बघितली.

"माझी न्हाई," ते म्हणाले. "म्हातारीची हाय. मिश्री लावती ती. जन्मभर दुकानातनंच जायची. आता दुकान न्हाई म्हणून दात थोडेच ऐकत्यात?"

"त्या टपरीवाल्याकडूनच आणली?"

"त्याच्याकडनंच. बोलत न्हाई. वजन मातुर बरोबर देतो."

"काकूंना सोडायला सांगा की, नाना."

"सांगून बघितलं. म्हणली, जन्मभर गावाला विकलंत तवा न्हाई सांगितलं, आन् आता मला सांगता व्हय?" ते दातांतून खुसखुसले. मग पुडी पंच्याच्या टोकात बांधली. "तिचंबी बरोबर हाय."

मी म्हणालो, गाडी आहे, घरापर्यंत सोडतो. नको म्हणाले. पाय मोकळे होतात. माझ्या नव्या गावाचं नाव विचारलं, तिथं सभेत वाचू देतात का ते विचारलं, आणि वडिलांना नमस्कार सांग म्हणाले. मग ते कडेकडेनं, मिळेल तेवढी सावली धरत, घराकडे चालू लागले. घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या, आणि त्या घरात त्यांची सातवीतली नात दिवसभर रिकामीच बसलेली होती.